सात खांब

मार्च महिना, दुपारचे बारा वाजून गेलेले आणि नवी पेठेत माझी रिक्षा अडकलेली. पुढं कुणीतरी टेम्पोतून साड्यांचे गठ्ठे उतरवून घेत होतं, मागून हॉर्न चालू होते, आणि सोलापूरचं ऊन रिक्षाच्या टपातूनसुद्धा डोक्याला लागत होतं. सहज उजवीकडं बघितलं तर अण्णा, माझे वडील. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, टोपी, काखेत पासबुकाची कापडी पिशवी. पेन्शन जमा झाली का ते बघायला महिन्यातून एकदा ते पेठेतल्या बँकेत येतात. मी पाठवत नाही, ते ऐकत नाहीत. तर अण्णा लहान मुलींच्या कपड्यांच्या एका दुकानासमोर काचेकडं तोंड करून उभे होते. आत झालरीचे फ्रॉक टांगलेले. आमच्या घरात लहान मुलगी नाही. माझा एकुलता मुलगा पुण्यात शिकतो, भावाचेही दोघं मुलगेच. क्षणभर मला भरून आलं, वाटलं, नातीची हौस मनात राहून गेली असेल बिचाऱ्यांच्या. मग त्यांचा डावा हात दिसला. शटरच्या लोखंडी पट्टीला घट्ट धरलेला. आणि खांदे दिसले. वर-खाली, वर-खाली, पाठीवरचा शर्ट त्याच तालात ताणला जाऊन सैल होत होता. तेवढ्यात ओळखीचं कुणीतरी जाता जाता काही विचारून गेलं. अण्णांनी मान वळवली नाही, नुसतं काचेकडं बोट केलं. बघायलोय, असं काहीतरी म्हणाले असावेत.

श्वास परत येईपर्यंत वेळ काढत होते ते.

मी रिक्षातून उतरले नाही. हीच गोष्ट पुढं कितीतरी दिवस सलत राहिली. उतरून हात धरायला काय झालं होतं? पण त्या काचेसमोर त्यांनी किती कष्टानं आपली अब्रू उभी केली होती, ते मला दिसलं होतं. मी हाक मारली असती तर ती सगळी खाली आली असती. रस्ता मोकळा झाला, रिक्षा पुढं निघाली. संध्याकाळी घरी आले तेव्हा अण्णा ओट्यावर पेपर वाचत होते. "जाऊन आलात?" एवढंच विचारलं. "हो की, आलो निवांत," म्हणाले. त्या ‘निवांत’ शब्दानं मला रात्रभर झोप लागू दिली नाही.

अण्णांना सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा धाप लागणारा जुनाट आजार आहे हे आम्हाला माहीत होतं, त्यात नवीन काही नव्हतं. सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा दवाखान्यात ठेवावं लागलं तेव्हा एका डॉक्टरांनी जाताना सांगितलं होतं, आराम करा, दगदग नको. आम्ही ते वाक्य देव्हाऱ्यात ठेवावं तसं घरात ठेवलं. अण्णांची कॉट माडीवरून खाली आणली. पाण्याचा तांब्या हाताशी, मोबाइल हाताशी, औषधाचा पंप उशाशी. उठायला लागले की माझा आवाज, "अण्णा, तुम्ही बसा, मी आणते." दूध आणणं बंद. दळण बंद. शनिवारी मारुतीला जाणं बंद. आणि दरवर्षी त्यांचं चालणं थोडं थोडं आखडत गेलं. आधी चौकापर्यंत, मग गल्लीच्या तोंडापर्यंत, मग ओट्यापर्यंत. आम्ही म्हणायचो, आजार वाढायलाय. आजार वाढत होता हे खरंच, पण त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट होत होती आणि ती आम्ही आमच्या मायेनं करत होतो. मांड्या बारीक होत चालल्या होत्या. ज्या पायांना कामच उरत नाही ते पाय उरलेल्या दोन पावलांसाठीही जास्त प्राणवायू मागतात. मग धाप लवकर लागते. धाप लागली की माणूस बसतो. बसला की पाय आणखी गळतात. हे चक्र मला पुढं एका फिजिओथेरपीवाल्या ताईंनी समजावून सांगितलं तेव्हा मी मान खाली घालून ऐकत होते. सहा वर्षं मी तांब्या भरून हाताशी ठेवत होते.

अण्णांचा श्वास कुठं गेला, हे शोधायला लागलं की मी लहानपणच्या घरात जाते. मिलचा भोंगा, आणि भोंग्यानंतर थोड्या वेळानं गल्लीत वाजणारी सायकलची घंटी. अण्णा कार्डिंग खात्यात होते. कापूस पिंजून, विंचरून त्याचा पेळू होतो तिथं. घरी यायचे ते म्हातारे होऊन यायचे. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानाच्या पाळीवर कापसाची लव. आम्ही भावंडं अंगावर उडी मारायचो आणि आई ओरडायची, "आधी झटका बाहेर!" अण्णा अंगणात टॉवेल झटकायचे आणि उन्हाच्या तिरिपीत ते तूस तरंगत राहायचं. मला ते फार आवडायचं. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी मात्र ते कामावरून आले की बोलायचे नाहीत. छाती जखडलीय म्हणायचे, निलगिरीचं तेल लावून घ्यायचे. आदल्या दिवशीचं मटण बाधलं असं आजी म्हणायची, आणि आमच्या घरात रविवारच्या मटणावर कितीदा तरी बंदी आली असेल. त्या दुखण्याला नाव आहे, बिसिनोसिस. कापसाच्या धुळीनं होतं. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती सर्वांत जास्त आवळते, आठवडाभरात शरीर सरावतं, पुढच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच. म्हणून साहेबाच्या देशात त्याला सोमवारचा ताप म्हणत. सुरुवातीच्या काळात धुळीपासून दूर गेलं तर सुटका होते. वर्षानुवर्षं त्यातच राहिलं तर नळ्या कायमच्या अरुंद होऊन बसतात. हे मला कळलं तेव्हा मिल बंद होऊन पंचवीस वर्षं झाली होती.

आणि विडी. हे लिहिताना हात जड होतो. आई विड्या वळायची. आमच्या अशोक चौकाच्या बाजूला घरटी एक सूप मांडीवर असायचं. पान भिजवायचं, पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, अंगठ्याचा एक फिरका, दोरा. हजाराच्या हिशेबानं पैसे. कारखान्यात नापास होऊन परत आलेल्या विड्या फेकवत नसत. त्या अण्णा ओढायचे. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी विडी सोडली ती सोडलीच, पण आईच्या मनातून ती गेली नाही. अण्णांना रात्री ढास लागली की ती अंधारात उठून बसते आणि आपल्याच अंगठ्याकडं बघत राहते. तिनं कधी बोलून दाखवलं नाही. मी विचारलंही नाही.

आईचं दुखणं वेगळं आणि जास्त एकाकी. मान, उजवा खांदा, कंबर आणि तो अंगठा. तीस वर्षं पुढं वाकून बसलेली पाठ. विड्या सुटून बारा वर्षं झाली, दुखणं सुटलं नाही. एक्सरेमध्ये डॉक्टर म्हणतात वयाप्रमाणे झीज आहे, तिच्या वयाच्या कित्येक बायकांना एवढी झीज असते आणि दुखत नाही. हे ऐकून घरातल्या माणसांनी जे करायचं तेच आम्ही केलं, म्हणजे विश्वास कमी केला. "काल तर बरी होतीस की," हे वाक्य मी स्वतः तिला कितीदा ऐकवलंय. वेदनेची जगभरातल्या तज्ज्ञांनी मान्य केलेली एक व्याख्या आहे, १९७९ सालची. ती २०२० साली सुधारली, आणि तिच्यासोबत एक टीप अशी जोडली की दुखतंय असं माणूस सांगतो तेव्हा त्या सांगण्याचा मान राखावा. मी ते वाचलं त्या दिवशी आईजवळ जाऊन बसले. तिनं विचारलं, "काय गं, बरं नाही का तुला?"

दुकानासमोरच्या त्या दुपारनंतर दोन-तीन आठवड्यांनी मी अण्णांना फिजिओथेरपीसाठी घेऊन गेले. ते तयार नव्हते. "आता या वयात कसरत शिकवतेस व्हय मला," म्हणाले. आईलाही सोबत घेतलं, कारण ती असली की ते तक्रार कमी करतात. तिथं एक लांब व्हरांडा होता, फरशीवर दोन टोकांना पिवळ्या पट्ट्या, मधलं अंतर ३० मीटर. सहा मिनिटं आपल्या चालीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, थांबलं तरी चालतं, घड्याळ थांबत नाही. सहा मिनिटांत किती मीटर झाले ते लिहायचं. एवढीच परीक्षा. बोटाला चिमटा लावलेला, त्यावर रक्तातल्या प्राणवायूचा आकडा. अण्णा पहिल्या फेरीत तरुणासारखे सुटले, लोकांसमोर चालायचं म्हटल्यावर माणूस सुटतोच, आणि तिसऱ्या फेरीला भिंतीला टेकले. आकडा ९४ वरून ८९ वर आला होता. त्यांनी सवयीनं भिंतीवरच्या तक्त्याकडं तोंड वळवलं. वाचायलोय, असं दाखवायला. ताई जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, वाचू नका. माझ्याकडं बघा. थांबलात ते चांगलं केलंत." २१० मीटर झाले त्या दिवशी.

थांबलात ते चांगलं केलंत. माझ्या ऐकण्यात अण्णांना हे कुणी कधी म्हटलं नव्हतं.

मग ताईंनी श्वासाची गोष्ट सांगितली. मला वाटत होतं, आणि अण्णांनाही, की हवा आत जात नाही. खरी अडचण उलटी असते. नळ्या सैल झालेल्या, आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. भरभर चाललं की आधीची हवा निघायच्या आत नवी येते, छाती फुगत जाते, शेवटी आत जागाच उरत नाही. जागा नसलेल्या खोलीत माणसं ढकलावीत तसं होतं. मग माणूस घाबरतो, आणखी भरभर ओढतो. यावर उपाय सोडण्याचा, घेण्याचा नाही. नाकानं घ्यायचा, ओठांचा चंबू करायचा आणि घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ सावकाश सोडायचा. ओठांजवळच्या त्या अडसरामुळं आतल्या नळ्या मिटत नाहीत, हवेला वाट राहते. "समोर निरांजन आहे असं धरा," ताई म्हणाल्या, "ज्योत हलली पाहिजे, विझता कामा नये." यावर आई पहिल्यांदा बोलली. "म्हणजे फुंकणीगत." चुलीतला निखारा फुलवताना जोरानं फुंकलं की राख उडते, हळू लांबवर फुंकलं की जाळ धरतो, हे तिला चाळीस वर्षं ठाऊक. आता ताईसुद्धा बाकीच्या पेशंटना फुंकणीच सांगतात. अण्णांनी मध्यंतरी एका शिबिरात जाऊन पोट आत मारत झटक्यानं श्वास फेकायचा प्रयोग केला होता आणि तिथंच डोळ्यांपुढं अंधारी आली होती. त्याचं कारणही तेव्हाच कळलं. ज्याच्या नळ्या सैल आहेत त्यानं जोर लावून श्वास फेकला तर बाहेरून दाब येऊन त्या नळ्याच मिटतात. ज्याचं त्याला बरं असतं, सगळ्यांना सगळं नसतं.

गुन्नार बोर्ग नावाच्या स्वीडनच्या मानसशास्त्रज्ञांनी एक मापपट्टी करून ठेवली आहे, शून्य ते दहा. किती धाप लागली ते माणसानं स्वतः सांगायचं. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सोसवतच नाही अशी. व्यायाम तीन-चारवर चालू द्यायचा. यातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट अशी की तीन-चारपर्यंत धाप लागलीच पाहिजे. आम्ही घरात धापेला घाबरत आलो होतो. धाप लागली की तांब्या, पंखा, पंप, रिक्षा. ताई म्हणाल्या, मोजून लागलेली धाप इजा करत नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, ओठ निळे पडले, आकडा ८८ च्या खाली घसरला, तर लगेच थांबायचं आणि कळवायचं, ते वेगळं. बाकी धाप ही कामाची पावती. अण्णांनी आकड्यांचं स्वतःचं भाषांतर करून घेतलं. शून्य म्हणजे ओट्यावर पेपर. दोन म्हणजे बोलता बोलता चालणं. तीन म्हणजे वाक्य पुरं होतं पण अभंग म्हणता येत नाही. चार म्हणजे दोन-दोन शब्दांत बोलणं. सहा म्हणजे नवी पेठ. हे शेवटचं त्यांनी हळूच सांगितलं, आणि मी मान वळवली.

घरी आल्यावर गल्लीतच सुरुवात केली. आमच्या दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंत विजेचे सात खांब आहेत. इतकी वर्षं या गल्लीत काढली, मी ते कधी मोजले नव्हते. अण्णांनी मोजले, आणि म्हणाले, "सात! म्हणजे नंदीध्वजच की." सोलापूरच्या माणसाला सात म्हटलं की दुसरं काय आठवणार. तरुणपणी ते बाराबंदी घालून संक्रांतीच्या वेळी सिद्धेश्वरांच्या सात नंदीध्वजांबरोबर अडुसष्ट लिंगांची सगळी वाट चालायचे. एवढी उंच, जड काठी एकटा माणूस पेलतो, पण सगळी वाट एकटा पेलत नाही. भोवती आठ-दहा जण असतात, एकाचा खांदा उतरायच्या आत दुसरा कमरेचा पट्टा सरसावून तयार असतो. "आम्ही दमल्यावर सोडत नव्हतो," अण्णा म्हणाले, "दमायच्या आत द्यायचो. दमल्यावर दिली तर काठी झुकते." ताईंनी जे चार बैठकांत समजावलं होतं ते त्यांना एका वाक्यात आधीपासूनच येत होतं. ठरलं, दोन खांब चालायचं आणि धाप असो वा नसो, थांबायचं. ओठांचा चंबू, सहा-सात श्वास, मग पुढचे दोन.

सकाळी साडेसहाला, ऊन चढायच्या आत. पंपाचे दोन झटके घेऊन दहा-पंधरा मिनिटं झाल्यावर. तोंडात काही न घालता, कारण भरल्या पोटी श्वासाचा पडदा नीट खाली सरकत नाही. मी बरोबर असायचे आणि मला सर्वांत अवघड गेलं ते गप्प राहणं. दुसऱ्या खांबाशी अण्णा हात टेकून उभे राहायचे आणि माझ्या तोंडावर ‘बसा’ यायचं. शेजारच्या अक्का दारात सडा टाकताना विचारायच्या, "काय अण्णा, त्रास होतोय का?" पहिले काही दिवस अण्णा खांबावरची कसलीशी जाहिरात वाचायचे. मग वाचायचं थांबवलं. एका सकाळी मला ऐकू आलं, "नाही अक्का, दम खायलोय. दोन खांब झाले की खायचा असतो." यंत्रमागांची खटखट सुरू झालेली असते त्या वेळी, तिच्यात त्यांचा आवाज नीट पोचला नसेल म्हणून त्यांनी ते पुन्हा, मोठ्यानं सांगितलं.

घरातले व्यायाम इतके साधे की कुणाला सांगायला संकोच वाटावा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून हात न लावता उठायचं, बसायचं. पहिल्या दिवशी चार वेळा. उठताना श्वास सोडायचा, बसल्यावर घ्यायचा. जिथं जोर लागतो तिथं सोडायचा हा नियम. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या दोन हातांत घेऊन खांद्यापर्यंत. दोरीवर कपडे वाळत घालताना अण्णांना सर्वांत जास्त धाप लागायची, आणि आम्ही म्हणायचो एवढ्याशा कामाला काय. हात वर गेले की श्वासाला मदत करणारे खांद्या-मानेचे स्नायू त्या कामात अडकतात, हे कळल्यावर त्या ‘एवढ्याशा’ची लाज वाटली. आंघोळीला प्लॅस्टिकचा स्टूल आणला. पाय धुवायला वाकायचं नाही, पाय गुडघ्यावर घ्यायचा. अंग पुसताना हात दमतात म्हणून मोठा टॉवेल अंगाभोवती गुंडाळून नुसतं बसायचं, अंग आपोआप वाळतं. या एका टॉवेलनं जेवढा फरक पडला तेवढा मला वाटतं एखाद्या महागड्या औषधानं पडला नसता.

आईचं गणित आणखी बारीक. तिच्या वहीत आधी आठवडाभर नुसतं लिहायचं होतं, किती चालली, किती बसली, किती दुखलं. लिहायला मी, सांगायला ती. वहीत जे उमटलं ते सगळ्या आयांचं असावं. सोमवारी बरं वाटलं म्हणून सोलापुरी चादरी धुतल्या, सगळ्या, हातानं. ओली चादर केवढी जड होते ते ज्यानं पिळली त्यालाच माहीत. मंगळवार, बुधवार, गुरुवार कॉटवर. शुक्रवारी बरं वाटलं म्हणून शेंगा भाजून, सोलून, उखळात कुटून चटणी. शनिवार, रविवार कॉटवर. बरा दिवस आला की तो लुटून घ्यायचा, कारण पुन्हा कधी येईल भरवसा नाही. ताई म्हणाल्या, वाईट दिवशीही जमेल एवढंच रोज करायचं, आणि चांगल्या दिवशीही तेवढंच. वाईट दिवशी करणं तिला सोपं गेलं. चांगल्या दिवशी थांबणं तिला जमेना. पाच मिनिटं चालून झालं की घड्याळ वाजायचं आणि ती चिडायची, "आत्ता कुठं अंग मोकळं होतंय, आणि आत्ता बस?" तिच्या अख्ख्या आयुष्यात कुणी तिला काम अर्धवट टाकून ऊठ म्हटलं नव्हतं. हजार पुरे झाल्याशिवाय सूप खाली ठेवायचं नसतं, ही तिची शाळा.

दुखतंय म्हणजे आत काहीतरी तुटतंय, ही तिची दुसरी भीती. जुनाट दुखण्यात तसं नसतं बऱ्याचदा. इजा कधीच भरून आलेली असते, पण मज्जातंतू इशारा द्यायला इतके सरावलेले असतात की साध्या हालचालीलाही ठणाणा करतात. ताईंनी हे समजावलं तेव्हा आईच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. रात्री जेवताना अण्णा म्हणाले, "मिल बंद झाली, पाळी संपली, पण भोंगा काही थांबंना, असं समज." आई घास हातात धरून त्यांच्याकडं बघत राहिली. "मग बंद कोण करायचा तो?" "बंद नाही व्हायचा एकदम. त्याला रोज थोडं थोडं दाखवायचं, की बघ, कुणी कामावर नाही." मला वाटतं फिजिओथेरपीच्या पुस्तकात हे असं लिहिलेलं नसेल, पण आईनं दुसऱ्या दिवशी भिंतीला हात लावून खांद्याचा व्यायाम कुणी न सांगता केला. मोजायची पद्धत मात्र तिची स्वतःची, विड्यांचे कट्टे मोजायची. पाच-पाचाचा गठ्ठा करून. खुर्चीतून उठ-बस करणाऱ्या अण्णांचे आकडेही तीच मोजते, आणि एक चुकला की धरत नाही.

आठ आठवड्यांनी पुन्हा तो व्हरांडा. २६५ मीटर. ताई म्हणाल्या, तीसेक मीटरचा फरक पडला तरी माणसाला तो रोजच्या जगण्यात जाणवतो, हे तर पंचावन्न झाले. मग फुंकायची तपासणी झाली, तिचा आकडा होता तिथंच होता. मला वाईट वाटलं. मी मनातल्या मनात धरून चालले होते की फुप्फुसंही थोडी सुधारली असतील. ती सुधारत नाहीत. गेलेली गेली. बदलतात ते पाय, हात, श्वास सोडायची रीत, आणि मनातली भीती. अण्णांना हे मी घाबरत सांगितलं. ते म्हणाले, "मशीन जुनीच आहे की. चालवणारा जरा शिकला."

हे सगळं चढत्या जिन्यासारखं वाटत असेल तर तसं झालं नाही. जानेवारीत, सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा भरली होती त्या दिवसांत, थंडी आणि होम मैदानाकडची धूळ. अण्णा तिकडं गेले नव्हते, पण माझा भाऊ पोरांना घेऊन गेला होता आणि येताना सर्दी घेऊन आला. चौथ्या दिवशी अण्णांचा कफ हिरवा, आकडा ८५. आठ दिवस दवाखाना. परत आले तेव्हा खुर्चीतून उठताना मांड्या थरथरत होत्या. सात खांबांवरून एका खांबावर. त्या संध्याकाळी मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. एवढं सगळं करून पुन्हा तिथंच. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आई स्वेटर घालून दारात उभी. तिची मान त्या आठवड्यात धरलेली होती, दवाखान्यात बाकावर झोपून. "चला," ती अण्णांना म्हणाली, "एक तर एक." दोघं पहिल्या खांबापर्यंत गेली. तिनं एक हात त्यांच्या दंडाला लावला होता, दुसरा स्वतःच्या मानेला. मी दारातून बघत होते. पाठोपाठ गेले नाही. या वेळी त्याचं वाईट वाटलं नाही. सात खांब पुन्हा व्हायला उन्हाळा उजाडला. आईचं चालणं आता अकरा मिनिटांवर आहे, दुखणं आहेच. चादरी मशीनमध्ये टाकायला ती अजून तयार नाही, पण एका दिवशी एकच धुते.

गेल्या महिन्यात अण्णा म्हणाले, बँकेत जायचंय, येतेस का. आजवर त्यांनी मला कधी बरोबर बोलावलं नव्हतं. पार्क चौकात रिक्षा सोडली आणि चालत निघालो. पेठेत शिरताना त्यांनी रस्त्यावर एकदा नजर टाकली आणि मनाशी खांब मोजले, मला ओठ हलताना दिसले. दोन खांब, थांबा. ओठांचा चंबू, तोंड रस्त्याकडं. लोक वळसा घालून जात होते. पुन्हा दोन. ते दुकान आलं तसं माझी पावलं मंद झाली, पण त्यांची झाली नाहीत. त्यांच्या हिशेबात ते दुकान मधेच येत होतं, थांबा पुढच्या खांबाला होता. तिथं पोचून त्यांनी खांबाला हात टेकला, सहा श्वास सावकाश सोडले. मग मागं वळून काचेकडं बघत म्हणाले,

"तो पोपटी फ्रॉक गेला वाटतं. कॉलरला मोती होते बघ, सहाशे पन्नासचा. दोन वर्षं कुणी घेतला नव्हता."